हिरव्या टिकलीची डिस्क

"सगळं गेलं? म्हणजे एकही चाल उरली नाही?" नायराने विचारलं.

"व्हायरस होता. पुसावं लागलं," दुकानदार रोमुलो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "पावतीवर लिहिलंय, माहितीची जबाबदारी आमची नाही. खाली तुझ्या आजोबांची सही आहे."

लॅपटॉप दिला होता फक्त पंख्याची घरघर थांबवायला! आणि मुंगीच्या पावलांएवढी ती अक्षरं फेर्मिन आजोबांना दिसणार कशी? चाळीस वर्षं बोलिव्हियातल्या ओरुरो शहराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या आजोबांनी स्वतः रचलेल्या एकसष्ट चाली त्यात रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. कागदावर एकही नव्हती. गेल्या वर्षापासून ते विसरायला लागले होते, म्हणून तर सगळा खटाटोप. एवढं होऊनही शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी टोपी काढून रोमुलोचे आभार मानले, तेव्हा नायराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी मामेभाऊ विल्मर आणि त्याची दहा वर्षांची बहीण डायाना वाट बघत होते. जुलैची सुट्टी, म्हणजे इथला ऐन हिवाळा; बाहेर हाडं गोठवणारी थंडी. विल्मरने लॅपटॉपचे स्क्रू काढले.

"ही आपली डिस्क नाही," तो म्हणाला.

"कशावरून?"

"मीच बसवली होती की, कार्नावलात. आजोबांनी तिच्यावर काय केलं, आठवतंय?"

आठवत होतं. फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्नावल सणाच्या मंगळवारी घर, गाडी, शिवणयंत्र, सगळ्यांवर सिंगानी दारूचे थेंब आणि कागदाच्या रंगीत टिकल्या पडतात. धरतीमाता पाचामामा खूश, वस्तू सुखरूप. विल्मर बोंबलत असताना आजोबांनी त्या नव्या डिस्कवरही दोन थेंब शिंपडले होते. एक हिरवी टिकली तिच्या लेबलवर जी चिकटली, ती नखानेही निघाली नव्हती.

"हिच्यावर टिकलीच नाही. जागाही कमी आहे," डायाना म्हणाली. "म्हणजे पुसली नाही, चोरली!"

"तुला तो ओळखतो, नायरा. आम्हाला नाही. गिऱ्हाईक बनून आम्हीच जातो," विल्मर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नायरा रोमुलोच्या दुकानाशेजारी मक्याचं गरम पेय, आपी, विकणाऱ्या दोन्या हुस्ताच्या गाड्यामागे दबा धरून बसली. गरम जांभळी आपी तिच्या हातात देत दोन्या हुस्ता पुटपुटली, "पी, पोरी. माझ्या भाचीच्या लग्नाचे फोटोही यानेच घालवले."

"काका, मोठ्यात मोठी डिस्क दाखवा," विल्मरसोबत दुकानात शिरून डायाना म्हणाली.

रोमुलोने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक पुढे ठेवली. "नवी कोरी. कालच आली."

"लावून दाखवा."

"नव्या मालाला काय लावून बघायचं?"

"का हो?" गाड्यावरून दोन्या हुस्ताचा खणखणीत आवाज आला. "या बाजारात साधा बल्बसुद्धा पेटवून दाखवल्याशिवाय कुणी विकत नाही. तुमचं काय वेगळं?"

आपी पिणारी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. रोमुलोने चरफडत प्लास्टिक फाडलं. विल्मरने डिस्क उलटी केली. लेबलच्या कोपऱ्यात हिरवी टिकली होती.

"कालच्या मालाने कार्नावल कधी पाहिला?" नायरा गाड्यामागून पुढे येत म्हणाली.

रोमुलोने हात पुढे केला, पण विल्मरने डिस्क संगणकाला जोडलीसुद्धा. पुढच्या क्षणी ट्रम्पेटचा आवाज गल्लीभर घुमला. त्या महाभागाने डिस्क पुसायचेही कष्ट घेतले नव्हते! उद्या कुणीही ती विकत घेतली असती आणि आजोबांच्या चालींवर स्वतःचं नाव लावलं असतं.

"चूक झाली असेल," रोमुलो म्हणाला.

"मग तो काउंटरखालचा खणही उघडा," दोन्या हुस्ता म्हणाली.

खणात अकरा डिस्का निघाल्या. कुणाचा प्रबंध, कुणाच्या बाळाचे फोटो. बाजाराच्या पुढाऱ्यांनी त्याच दुपारी दुकानाला टाळं लावलं. सगळ्यांच्या डिस्का परत मिळेपर्यंत ते उघडणार नव्हतं.

संध्याकाळी आजोबा डोळे मिटून ऐकत होते. एक चाल संपली.

"छान आहे. कुणाची?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमचीच, आजोबा," नायरा म्हणाली.

 आजोबांनी तिघांच्या डोक्यांवरून एकेक करून हात फिरवला. "शाबास, पोरांनो. मी विसरलो तरी आता ती कुठे जात नाही." त्यांनी भिंतीवरचा ट्रम्पेट काढून नायराच्या हातात दिला. "परत लाव. आणि या वेळी तिच्याबरोबर तूही वाजव."