ऑइल फिल्टरचा रविवार

पूर्वीला आधी दिसले ते फक्त दोन पाय.

घोडपदेवला तिच्या चाळीसमोर उभ्या असलेल्या निळ्या गाडीखालून ते बाहेर आले होते. बाजूला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये कुणीतरी उत्साहाने सांगत होतं, इंजिन ऑइलचा फिल्टर घरच्या घरी कसा बदलायचा. रविवारची सकाळ, हातात कोलंबीची पिशवी... पूर्वी सरळ घरी गेलीही असती. पण वर्तमानपत्रावर काढून ठेवलेल्या जुन्या फिल्टरकडे तिची नजर गेली. काळा, तेलकट डबा. त्याच्या तोंडाला रबरी रिंगच नव्हती.

तोवर पायांचा मालक बाहेर आला. चष्मा तिरका, कपाळावर तेलाचा पट्टा, चेहऱ्यावर मात्र किल्ला सर केल्याचा आनंद. तो गाडीत बसला, चावीला हात लावला—

"ओ! थांबा! स्टार्टर मारू नका!"

तो इतका दचकला की हॉर्नच वाजला. "काय झालं? खाली मांजर आहे का?"

"मांजर नाही, रिंग आहे. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनलाच चिकटून राहिलीय, आणि तुम्ही तिच्यावरच नवा फिल्टर बसवलाय. गाडी सुरू केलीत की सगळं तेल रस्त्यावर. मग इंजिन जाम!"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जुन्या फिल्टरकडे, मग मोबाइलकडे. "हे... व्हिडिओत नव्हतं."

"व्हिडिओवाल्याची निघाली असेल."

तो पुन्हा गाडीखाली गेला. थोड्या वेळाने फक्त एक हात बाहेर आला, चिमटीत काळी रिंग. "मिळाली," खालून आवाज आला, तोही इतका शरमिंदा की पूर्वीला खुदकन हसू फुटलं. किती महिन्यांनी ती अशी हसली होती!

"तुम्हाला बघताक्षणी कसं कळलं?"

"मेस्त्रीची मुलगी आहे मी. तुम्ही?"

"सायन्सचा शिक्षक," तो गाडीखालूनच म्हणाला. "बुद्धभूषण. हसा आता."

ती हसलीच. "बरं, सर, आता नवा फिल्टर बसवताना आधी—"

"रिंगेक तेल लाव आदी! आणि हातान आवळ, पानो लावू नको!"

आवाज वरून आला होता. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून.

पूर्वीच्या हातातली पिशवी खाली पडली. गॅलरीत तिचे बाबा खुर्चीतून पुढे वाकले होते. दगडू मेस्त्री! लालबागच्या गॅरेजमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. जीभ शाबूत आहे, असं डॉक्टर सांगत. पण बाबांनी बोलणंच सोडलं होतं. काही विचारलं तर 'हं'. त्याच्यापुढे शब्द नाही. आणि आज...

"हो, काका!" बुद्धभूषण खालून ओरडला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! "हाताने किती आवळू?"

"रिंग टेकली काय पाऊण फेरो. बस!"

पूर्वी जिन्याकडे धावली. तिचे डोळे भरून आले होते.

गाडी सुरू झाली, तेलाचा थेंबही गळला नाही. आभार मानायला बुद्धभूषण काळ्या हातांनीच वर आला. तो वरळीच्या बीडीडी चाळीत आईबरोबर राहायचा. तिथे नव्या इमारतींचं काम सुरू झाल्यापासून गाडी लावायला जागा उरली नव्हती, म्हणून इथे मावशीच्या दारात लावायचा. जाता जाता म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी एअर फिल्टर शिकवाल?"

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सकाळी येवा. उशीर चलाचो नाय."

मग रविवारमागून रविवार गेले. त्याच्या गाडीतलं बदलण्यासारखं सगळं बदलून झालं, तेव्हा तो शाळेतल्या मित्रांच्या गाड्या आणू लागला. बाबा आता खाली खुर्ची टाकून बसत, हुकूम सोडत, चिडत, पोटभर बोलत. काम करणारे हात मात्र पूर्वीचे आणि बुद्धभूषणचे. एकदा बॉनेटखाली वाकलेली असताना तिची बट डोळ्यांवर आली. हात तेलाने माखलेले. त्याने मनगटाच्या कोरड्या मागच्या बाजूने ती अलगद सारली... आणि दोघंही कितीतरी वेळ एकाच स्क्रूकडे बघत राहिले.

श्रावणातल्या एका रविवारी, पावसाची सर येऊन गेल्यावर ऊन पडलं होतं, तेव्हा तो म्हणाला, "आम्हाला नव्या इमारतीत घर मिळालं. पार्किंगसकट."

पूर्वीच्या हातातला पाना थांबला. "म्हणजे... गाडीला जागा मिळाली."

"गाडीला मिळाली."

"मग आता इकडे कशाला येशील?"

"तेच विचारायचंय. येऊ? कायमचा?" मग घाईघाईने, "थांब, लगेच बोलू नकोस. तू सारखी म्हणतेस ना, बाबांना बोलतं केलंस, तुझे उपकार... त्यापायी हो म्हणू नकोस. आणि आम्ही बौद्ध. तुझे नातेवाईक काय काय बोलतील, त्याचाही विचार कर."

पूर्वीने पाना खाली ठेवला. त्या सकाळी बाबांचा आवाज ऐकला तेव्हापासून तिचं मन या माणसाबद्दल कृतज्ञतेने भरलेलं होतं, हे खरं. पण रविवार उजाडायच्या आत जाग येते, आरशासमोर दोनदा उभं राहावंसं वाटतं, ते काही उपकारापोटी नव्हे!

"आभार मानायचे असते ना, सर," ती हळूच म्हणाली, "तर पेढे आणले असते." आणि तिने त्याचा काळा, तेलकट हात आपल्या तितक्याच काळ्या हातात घट्ट धरला. "नातेवाइकांचं मी बघेन. मला तू हवायस... खूप."

त्याच्या चष्म्यामागे काहीतरी चमकलं. "आणि काका?"

"चल, आत्ताच विचारू."

बाबा त्या दिवशी पावसामुळे वरच थांबले होते. दोघं हातात हात तसेच घेऊन गॅलरीत उभे राहिले. बाबांनी आधी त्या दोन हातांकडे पाहिलं, मग मुलीच्या चेहऱ्याकडे. तिला वाटलं, पुन्हा ते जुनं 'हं' येतंय की काय...

बाबांनी घसा खाकरला.

"मास्तर," ते म्हणाले, "लग्नाचा बोलूक तुझ्या आवशीक कधी घेवन येतंस?"