लहरी टेस्ट

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडमागच्या गल्लीत, एका जुन्या होजिअरी कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली साड्यांचं गोदाम. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी आम्ही अलार्म बनवतो. भिंतीवर एक छोटा डबा बसवायचा. माणूस पडला आणि काही बोलला, की डबा ते ओळखतो आणि मदत बोलावतो. इथले म्हातारे घाबरले की इंग्लिश विसरतात, म्हणून डब्याला गुजराती, पंजाबी आणि मराठीही कळतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मॅनेजरने, राजने, माझ्यावर एक काम सोपवलं. आमच्या कंटिन्युअस इंटिग्रेशनची तब्येत मोजायची. कोणी कोडमध्ये काही बदललं की एक मशीन आपणहून सगळ्या टेस्ट चालवतं. ठीक असेल तर पडद्यावर हिरवं, बिघडलं असेल तर लाल. लाल किती वेळा येतं, त्यातलं खरं किती, खोटं किती, आणि लाल दिसल्यावर कोणी उठून बघतं का, हे मला शोधायचं होतं. कोणी उठत नव्हतं. खोटं लाल इतक्यांदा आलं होतं की सगळ्यांची नजर मेली होती.

बहुतेक खोटं लाल एकाच टेस्टमुळे यायचं. कोड तोच, तरी कधी पास, कधी फेल. अशा टेस्टला आम्ही लहरी म्हणतो. तिच्यात पद्माकरकाकांच्या आवाजातलं एक रेकॉर्डिंग वाजायचं: "मी पडलोय. मला उठता येत नाही." काका आमचे जुने टेस्टर. खरं वाटावं म्हणून त्यांनी ते ऑफिसच्या कार्पेटवर आडवं पडून केलं होतं, आणि आम्ही सगळे हसलो होतो. आता ते रिटायर होऊन कॉव्हेंट्रीला एकटे राहत होते. मुलगी वैभवी हाउन्सलोला, विमानतळावर नोकरीला.

टेस्ट फेल झाली की मशीनने काय ऐकलं ते पडद्यावर उमटतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे होतं: "आज गुडघा फार दुखतोय."

फाइल खराब झाली असेल म्हणून मी मूळ प्रतीशी ताडून पाहिली. अक्षरन् अक्षर तीच. कानाने ऐकली. काका पडल्याचंच सांगत होते. मशीन बदललं, ओळखणारं सॉफ्टवेअर जुनं घातलं. पुन्हा लाल. "खिडकीतून वारा येतोय."

मी काकांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"सुनीती, तुला कोणी सांगितलं?"

"असंच विचारलं. थंडी आहे ना."

"मी कोणालाच बोललो नाही अजून," ते म्हणाले.

पुढे खिडकीचं विचारायचा धीर झाला नाही.

मग एका सकाळी पडद्यावर आलं: "चहा झालाय. दार उघडं आहे. ये."

मी खुर्चीतून उठले. ऑफिसात बाकी कोणीच उठलं नाही. शनिवारी मी ट्रेनने कॉव्हेंट्रीला गेले. मनात मी उघडं दार धरून चालले होते. पण काकांचं दार बंद होतं, आतून साखळीसुद्धा. त्यांनी फटीतून पाहिलं आणि चेहरा खुलला.

"अगं, कळवायचंस तरी! चहाचंही काही केलं नाही."

त्यांनी चहा टाकला. लंगडत होते, पण ठीक होते. मी आमच्याच डब्याचा विषय काढला, तर म्हणाले, "ते म्हाताऱ्यांसाठी गं." वैभवी बऱ्याच दिवसांत आली नव्हती. मला वाटलं, ते 'ये' तिच्यासाठी असणार. आणि लगेच स्वतःचाच राग आला. मशीनची चूक ती, मी तिचा अर्थ कसला लावत बसले होते?

निघताना ते दारात उभे राहिले. "परत ये. गडबड नको, सावकाश ये."

सोमवारी राजने माझं काम बघितलं. "सुनीती, एक टेस्ट काढली तर सगळं हिरवं होतं. रिलीज तोंडावर आलंय. टर्न इट ऑफ."

"राज, ती काहीतरी सांगते आहे असं वाटतं."

"काय सांगते?"

काकांचं दार तर बंद होतं. मी टेस्ट बंद केली.

पडदा हिरवा झाला. लोकांचा पडद्यावर विश्वास बसू लागला. पुढे एकदा खरं लाल आलं तेव्हा दोघं तिघं धावत उठले. राजने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि मला ते आवडलं.

काका गेल्याचं मला वैभवीच्या फोनवरून कळलं. स्वयंपाकघरात पडले होते. लगेच गेले नव्हते, असं डॉक्टर म्हणाले. शेजारीण आत गेली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले.

"कोण येणार होतं, काय माहीत," वैभवी म्हणाली. "मला तर काही बोलला नव्हता."

फोन ठेवल्यावर मी टेस्ट पुन्हा सुरू केली. हिरवं. पुन्हा चालवली. हिरवं. रोज सकाळी आल्या आल्या मी तीच बघते. एकदा तरी लाल यावी म्हणून बघते. ती आता कधीच चुकत नाही.

वसंतात वैभवी लेस्टरला आली. वडिलांच्या आवाजाचं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. "मला बाबाचा आवाज ऐकायचा आहे. जे असेल ते," ती म्हणाली होती. दुपारची वेळ होती, खिडकीतून गोदामातल्या टेम्पोंचा आवाज येत होता. मी आधी सांगितलं, वाक्य वाईट आहे, त्रास होईल. ती म्हणाली, चालेल. मी हेडफोन लावून एकदा ऐकून घेतलं. मी पडलोय. मला उठता येत नाही. मग हेडफोन तिला दिले आणि फाइल सुरू केली.

फाइल जेमतेम सहा शब्दांची. आवाजाबरोबर सरकणारी पडद्यावरची रेघ लगेच शेवटाला पोचली आणि थांबली.

वैभवी ऐकत राहिली.

तिने डोळे मिटले. मधेच हसली. मान हलवली, समोरच्याचं पटल्यासारखी.

"वैभवी," मी म्हणाले, "संपलंय ते."

तिने हाताने मला थांबवलं. अजून थोडं ऐकलं. "हो बाबा," हळूच म्हणाली.

रेघ हलत नव्हती.

मग तिने हेडफोन काढले आणि घरातला फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा, तसे माझ्यापुढे धरले.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला बोलवतोय."