माटोळीची पहिली गाठ

श्रावणातल्या त्या शनिवारी पार्से गावच्या वळणावर पावसाने एका निळ्या स्कूटरला गाठले. स्कूटरवरील तरुणीने क्षणभर आभाळाकडे पाहिले, क्षणभर रस्त्याकडे... आणि समोर दिसलेल्या पहिल्याच पडवीत ती शिरली.

ती पडवी गौरेश मेस्ताची, म्हणजे सुताराची, होती. गौरेश त्या वेळी जमिनीवर बसून फणसाच्या फळीवर वेल कोरीत होता. ओल्या ओढणीचे थेंब फळीवर टपकले, तेव्हा त्याने मान वर केली. दोन टपोरे नेत्र अपराधी भावनेने त्याच्याकडे पाहत होते.

"सॉरी हां, मेस्त. तुमचा लाकूड भिजला."

"लाकूड भिजता, सुकता. तुमी आत येवा. पागोळ्यांखाली उभ्या रवू नकात."

तिचे नाव ऋतिका. मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसमध्ये पाहुण्यांची नोंद ठेवण्याची नोकरी ती करीत असे आणि दर शनिवारी मये येथील आपल्या घरी जात असे. पाऊस थांबेना. ती कोरीवकाम न्याहाळू लागली. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. गौरेशची सारी हत्यारे पाच-सहा पावलांवरील भिंतीला टांगलेली होती. एक पटाशी वापरून झाली की तो उठे, ती जागेवर ठेवी, दुसरी घेऊन परत येऊन बसे. त्याच्या आसपास एकाहून अधिक धारदार वस्तू कधीच नसे.

"एक विचारू? सगळी हत्यारां जवळ घेवन कशाक बसत नाय तुमी?"

"गुरूंची शिकवण," तो म्हणाला.

ते असत्य होते. सत्य असे होते की, गौरेशला सतराव्या वर्षापासून फेफरे येत असे. सुतारकामाच्या शिक्षणवर्गात, चालू यंत्रापासून हातभर अंतरावर तो कोसळला, त्याच दिवशी त्याचे शिक्षण संपले. पुढे एका जत्रेत तो पडला, तेव्हा कुणी त्याच्या नाकाला चप्पल लावली आणि कुणी मोबाईलवर चित्रण केले. ते चित्रण धारगळच्या एका घरी पोहोचले आणि जमत आलेले लग्न मोडले. आता तो रोज दोन वेळा गोळ्या घेई. अकरा महिन्यांत एकदाही झटका आला नव्हता. तरीही झटक्यापूर्वी येणारा तो वास — जणू कुठेतरी गूळ करपतो आहे — पुन्हा कधी येईल, या भयाने तो प्रत्येक श्वास तपासून घेत असे. यंत्राला तो हात लावीत नसे. हाताने घडविलेली त्याची समई ठेवायची कोरीव घरे आणि चौरंग मांद्र्याचे प्रवासी कौतुकाने नेत. ज्याला लोक त्याची कला म्हणत, तिच्या मुळाशी त्याची भीती होती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

"माटोळी करतास?" ऋतिकाने विचारले. "आमची वाळवीन खाल्ली. आजोबांच्या वेळची होती. दरवर्षी आमच्याकडे स्पर्धेचे परीक्षक येतत बघूक."

चतुर्थीला गणपतीच्या मस्तकावर छताला टांगायची ती लाकडी चौकट, आणि तिला बांधायचे नारळ, सुपारीचे घोस, रानातली नाना फळे... गौरेशच्या मनासमोर क्षणात सारे उभे राहिले. परीक्षक पाहतील, लोक विचारतील, ही कुणी घडविली...

"करतंय," तो म्हणाला.

"बरी मजबूत करा हां. पडाची नाय. खाली देव आसता."

ती हसत म्हणाली आणि पाऊस उघडल्यावर निघून गेली. परंतु 'पडाची नाय' हे दोन शब्द गौरेशच्या अंतःकरणात रुतून बसले.

*

चतुर्थीला पाच दिवस उरले असता टेम्पो मये येथे पोहोचला. माटोळी उतरविण्यास चार पुरुष लागले. ऋतिकाचे वडील कृष्णनाथ अंगणात कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी चौकटीकडे पाहिले, मग ओसरीच्या तुळईकडे पाहिले आणि पुन्हा चौकटीकडे पाहिले.

"मेस्त, ही माटोळी काय देवळाचा छप्पर?"

शेजारी हसले. गौरेशचे कान तापले. माटोळी हलकी असावी, कारण भार फळांचा असतो, हे सुताराच्या पोरालाही कळते. पण पडण्याच्या भयाने त्याने प्रत्येक पट्टी दुप्पट जाड घेतली होती, प्रत्येक सांध्यात दोन-दोन खुंट्या ठोकल्या होत्या. नारळ बांधण्यापूर्वीच तुळई वाकली असती.

"इतकी जाड कशाक केलंस?"

"पडू नये म्हणान."

"अरे बाबा, माटोळी जाडपणान रवना नाय, गाठीन रवता," कृष्णनाथ सौम्यपणे म्हणाले. "तासून पातळ कर. हयच बसान कर. आणि आमच्या घरची रीत ऐकून ठेव. जो घडवता, तोच शिडीर चढान पहिली गाठ बांधता. आजोबांच्या माटोळीक त्यांच्या मेस्तान बांधली होती."

शिडी... गौरेशच्या तळपायांना घाम फुटला. डॉक्टरांनी उंचीवर चढण्यास सक्त मनाई केली होती. पण ऋतिका दारात उभी होती, आणि तो म्हणाला, "बरा."

*

पुढील तीन दुपारी तो मयेच्या ओसरीत रंधा मारीत बसला. ऋतिकाने चतुर्थीची रजा घेतली होती. ती उंबऱ्याजवळ आदोळीवर नारळ खवीत असे, आणि लाकडाच्या पिवळ्या सालींची वेटोळी वाऱ्याने तिच्या पावलांपर्यंत जात.

"मेस्त, तुमी कधी हसतास की नाय?"

"हसतंय. सुट्टीच्या दिवशी."

"आणि आज?"

"आज काम आसा."

"मग मी जातंय आत."

रंधा थांबला. गौरेश खाली मान घालून म्हणाला, "तुमी बसलास तर... काम लवकर होता."

"खोटा. मघापासून एकच पट्टी घासतास. बाबा म्हणतत, अशान ती माटोळी नाय, अगरबत्ती होतली."

तो हसला. सुट्टीचा दिवस नसतानाही हसला.

परंतु याच हसण्यात त्याचे भय लपलेले होते. तिने केस कानामागे सारले की त्याच्या छातीत धडधड सुरू होई, बोटे थरथरत, कानांत घुमल्यासारखे होई... आणि तो घाईने रंधा दूर सारून ठेवी. ही झटक्याची चाहूल की आणखी कसली? दोन्हींची लक्षणे इतकी सारखी असावीत, हा विधात्याचा केवढा क्रूर विनोद! मग तो नाकाने श्वास घेई. गुळाचा वास नसे. केवळ खवलेल्या नारळाचा, ओल्या अंगणाचा वास... तेव्हा त्याला कळे की हे आजारपण निराळे आहे, आणि तो अधिकच घाबरे.

तिसऱ्या दुपारी तिने विचारले, "तुमच्या घरी कोण कोण?"

"आई."

"आणि?"

"आणि कोण नाय. एक येवची होती... इली नाय."

"कशाक?"

सांगावे. आत्ताच सांगावे. शब्द ओठांपर्यंत आले. मात्र त्या शब्दांनंतर लोकांचे चेहरे कसे पालटतात, हे त्याने पाहिले होते. आधी दया, मग एक पाऊल मागे. ऋतिकाचे ते एक पाऊल मागे जाणे त्याला सोसले नसते.

"माका काम आसा," तो म्हणाला.

आदोळीचा आवाज थांबला. "बरा," ती हळूच म्हणाली आणि उठून आत गेली. सायंकाळपर्यंत ती पुन्हा ओसरीवर आली नाही.

*

चतुर्थीच्या आदल्या दिवशी घर माणसांनी गजबजून गेले. तासलेली माटोळी आता दोन हातांनी उचलली जात होती. कृष्णनाथांनी तिला प्रेमाने हात फिरवला. चौकट दोरांनी तुळईपर्यंत ओढली गेली, चौघांनी चार टोके धरली. शिडी लागली.

"धरतंय मी," ऋतिका म्हणाली आणि तिने शिडीचे दोन्ही पाय घट्ट पकडले. कालच्या रागाचा लवलेश तिच्या मुखावर नव्हता; पण ती त्याच्याकडे पाहतही नव्हती.

गौरेश चढला. एक पायरी, दुसरी, पाचवी. सुंभाचा दोर हातात घेऊन त्याने तुळईवरून टाकला...

आणि त्याला तो वास आला.

करपलेल्या गुळाचा.

सारे शरीर थंडगार पडले. अकरा महिने — आणि आज, इथे, एवढ्या माणसांत. झटका यायला किती वेळ लागतो? कधी अर्धा मिनिट, कधी तेवढाही नाही. एक गाठच तर बांधायची होती! बांधून भरभर उतरला, तर कुणाला काही कळणार नाही. परीक्षक येतील, नाव होईल, आणि तिला काही कळणार नाही... त्याने दोराचा फास घेतला आणि खाली पाहिले. त्याच्या थेट खाली ऋतिकाचा मधोमध काढलेला भांग होता.

तो पडला असता, तर तिच्यावरच पडला असता.

"कृष्णनाथबाब," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "माका उतरूक व्हया. माका फीट येता. सतराव्या वर्षापासून. आता येतली असा वाटता... ऋतिका, शिडी सोड. बाजूक हो."

ऋतिकाने शिडी सोडली नाही. उलट तिने तिला आपल्या खांद्याचा टेकू दिला.

"उतरा," ती म्हणाली. "सावकाश. मी आसंय."

तो उतरला, भिंतीला टेकून जमिनीवर बसला, डोळे मिटले आणि वाट पाहू लागला. सारे घर त्याच्याबरोबर वाट पाहू लागले. एक मिनिट गेले. दोन गेली. काहीही झाले नाही. वास मात्र वाढतच होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ऋतिकाच्या मालती आत्या पदराने धूर सारीत बाहेर आल्या. "गो बायांनो! नेवऱ्यांचो चून करपान कोळसो झालो, आणि तुमी सगळी हय शिडी बघीत उभी! कोणाक नाक आसा की नाय?"

करंज्यांचे सारण, नारळ आणि गूळ... खराखुरा गूळ! कुणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. गौरेशला हसू आले नाही. झटका आला नव्हता. पण सत्य बाहेर आले होते, आणि ते आता परत आत जाणार नव्हते. तो उठला, हत्यारांची पिशवी उचलली आणि कुणाकडेही न पाहता अंगणाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. बस यायला अजून अर्धा तास होता.

मागून पावले वाजली. ऋतिका त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली. पाऊस भुरभुरत होता.

"काल हीच गोष्ट सांगूची होती?"

"होय."

"आणि ती येवची होती, ती ह्याच्यासाठी इली नाय?"

"होय."

गौरेश ते एक पाऊल मागे जाण्याची वाट पाहत होता.

"फीट इली तर काय करूचा?" तिने विचारले.

"काय?"

"समज, मी जवळ आसंय आणि तुका फीट इली. मी काय करूचा? सांग माका."

आजवर कुणी विचारले नव्हते. "कुशीर वळवूचा," तो कसाबसा म्हणाला. "धरून दाबूचा नाय. तोंडात काय घालूचा नाय. आणि घड्याळ बघूचा... पाच मिनिटांवर गेली तर दवाखान्यात."

"चप्पल?"

"चप्पल नाय."

"डोक्याखाली?"

"काय तरी मऊ."

"माझी ओढणी चलात?"

त्याने प्रथमच तिच्याकडे वळून पाहिले. तिचे डोळे पाणावले होते आणि ओठ थरथरत होते. म्हणजे तीही भ्यायली होती.

"ऋतिका... तुका भय वाटना नाय?"

"वाटता. मघाशी तू वर आसताना वाटला, तसा आयुष्यात कधी वाटूक नाय," ती म्हणाली. "पण तू न सांगता पार्शाक गेलो असतंस, त्याचा जास्त वाटला. दोन भयांतला एक मी निवडलंय."

गौरेशने तिचा हात हाती घेतला. धडधड सुरू झाली, बोटे थरथरली... आणि या खेपेस त्याने श्वास तपासून पाहिला नाही.

"मेस्त!" ओसरीतून कृष्णनाथांची हाक आली. दोघे दचकून दूर झाले. ते दारात उभे होते. त्यांनी आधी लेकीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "चार माणसां दोर धरून हात मोडून घेतत. पहिली गाठ कोण बांधता?"

"माका चढूक जमाचा नाय, बाब."

"ता आमी ऐकलाव. वेळेर सांगलंस, बरा केलंस. पण रीत ती रीत. गाठ तू मार, हयच, खाली उभो रवान. ती वर नेवन ही अडकयतली." त्यांनी मान ऋतिकाकडे वळविली. "बाकीचा काय ता चवथीनंतर बोलू."

"बाकीचा म्हणजे?" ऋतिकाने साळसूदपणे विचारले.

"चवथीनंतर म्हटलंय."

गौरेशने सुंभाची गाठ बांधली. दुहेरी नव्हे, एकच, पण घट्ट. ऋतिकाने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली, गाठीचा दोर दातांत धरला आणि ती चढू लागली. गौरेशने शिडीचे पाय धरले.

"एकदम हात सोडू नको," तो म्हणाला. "ती तिसरी पायरी जरा ढिली आसा... ऋतिका, खाली बघू नको... अगो, सावकाश!"

"मेस्त, तुमी गप रवशात?" वरून आवाज आला.

तो गप्प राहिला नाही. तिच्या प्रत्येक पावलागणिक त्याचे काळीज गळ्याशी येत होते, बोटे शिडीच्या लाकडात रुतत होती, आणि ती गाठ अडकवून सुखरूप खाली येईपर्यंत — तेवढा सारा वेळ — आपणही कधी पडत असतो, हे गौरेश साफ विसरून गेला होता.