रुखमाच्या गाण्यातला पुरुष

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर रुखमा आपल्या गावच्या, करडीच्या गाडीची वाट पाहत उभी होती. पानठेल्यावरच्या टेपमधून तिचंच गाणं वाजत होतं. इतक्यात शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी गाण्यातल्या पुरुषाची ओळ गुणगुणली... आणि ती दचकली. टेपमधला आणि शेजारचा आवाज एकच होता.

तर प्रकरण असं. उन्हाळ्यात कॅसेटवाल्या केशवरावांनी रुखमाकडून रोवणीचं, धान लावताना बाया म्हणतात तसलं, एक गाणं म्हणवून घेतलं. साधं, संथ, एकटीचं. दिवाळीला ते बाजारात आलं तेव्हा मागे कॅसिओ, डिस्कोचा ठेका, आणि तिच्या ओळीओळीला उत्तर देणारा कुणी परका पुरुष. पंच्याऐंशीच्या त्या हंगामात त्या गाण्याशिवाय जिल्ह्यात एक वरात निघाली नसेल. रुखमाला राग यायला हवा होता. तो येईना, म्हणून ती जास्तच गोंधळली. त्यात हा पठ्ठ्या साऱ्या ओळींना लाडानं जवाब देई आणि शेवटच्या 'घरी येशील का?'ला मात्र गप्प.

"गाणं लई आवडते वाटते तुम्हाले?" तिनं विचारलं.

त्यानं झटकन मान वळवली. आवाज त्यानंही ओळखला होता. "तुम्ही... करडीच्या रुखमा?" त्याचे कान लाल झाले. "मी टेकचंद. पवनीचा."

"माह्या गाण्यात न विचारता घुसले काहून?"

"केशवरावनं तुमची टेप ऐकवली. म्हणे, मधात जवाब गा. जवाब त्यानंच लिहून देल्ले होते..."

रुखमाचं तोंड उतरलं. म्हणजे इतके दिवस ती केशवरावांच्या शब्दांवर लाजत होती? त्या टकल्या, तंबाखू चघळणाऱ्या केशवरावांच्या?

"बरं लिहिते केशवराव," ती म्हणाली.

"त्याचे गायलो कुठं मी?" टेकचंद खाली पाहत पुटपुटला. "तुमचा आवाज ऐकला न्‌... माह्या मनातलेच गायलो."

तिला हसू येत होतं, डोळेही भरत होते, आणि दोन्ही कशामुळे ते कळत नव्हतं. तेवढ्यात करडीची गाडी लागली. लोक धावले. ती जागची हलली नाही.

"मंग शेवटच्या ओळीले गप्प काहून? मनात काही नव्हतं?"

"होतं ना." त्यानं हातातल्या रुमालाला पीळ घातला. "पण तुमचं लग्न जमलं हाये का, काही मालूम नव्हतं. खोटा जवाब द्यायचा नव्हता, न्‌ खरा... खरा कोण्या हक्कानं देऊ?"

कंडक्टरनं घंटी दिली. रुखमा पायरीवर चढली, दांडा धरून वळली. हे बोलणारी आपणच का, असं तिला वाटलं.

"नाही जमलं कुठं," ती म्हणाली. "येता का घरी?"

"येतो," टेकचंद म्हणाला. "ऐतवारी. बाबाले घेऊन."

करडीपर्यंत तिला बसायला जागा मिळाली नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.