पिशवीतली वीस मिनिटं

दुकानाच्या दारावर चिठ्ठी होती : ‘रोज संध्याकाळी तीन तास कामाला कुणीतरी हवंय. जागा एकच.’ मी दाराची मूठ धरली, आणि त्याच क्षणी दुसऱ्या एका हातानेही धरली.

“अर्जच ना?” त्याने विचारलं. माझ्याच वयाचा, सतरा-अठराचा. केस पाणी लावून विंचरलेले. एक बट मात्र ऐकत नव्हती.

“हो.”

“मग आपण शत्रू,” तो म्हणाला... आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

माझा हा चौथा अर्ज. आधीच्या तिन्ही ठिकाणी ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटल्यावर माझी दातखीळ बसली होती. बाबांनी सकाळीच बजावलं होतं, “आज नाही जमलं, तर सोमवारपासून मामाच्या क्लासला बसायचं. सुट्टीभर!” मामा तसा माझा लाडका, पण फळ्यासमोरचा मामा म्हणजे... नकोच.

दुकान रंगीत माशांचं. मालकीणकाकूंनी आमचे अर्ज वाचलेही नाहीत. पाण्याने भरलेली एक फुगीर पिशवी त्यांनी न उघडता तशीच टाकीत तरंगत सोडली. आत सहा निळे मासे.

“आत्ताच आलेत. पिशवीतलं पाणी टाकीइतकं कोमट व्हायला वीस मिनिटं लागतात. आधी उघडलीत तर दगावतील बिचारे. लक्ष ठेवा दोघं.” आणि त्या आत गेल्या.

“वीस मिनिटं करायचं काय?” त्याने विचारलं.

“बघायचं.”

“कुणाकडे?”

मी टाकीकडे बोट दाखवलं. काचेत तो हसताना दिसला. मग त्याने काचेवर नखाने टकटक केली.

“नको! घाबरतात ते.”

त्याने हात मुकाट्याने खिशात घातला. “तू चिडलीस की नाकाचा शेंडा हलतो तुझा.”

“एकदाच बघून ठरवलंस?”

“हा बघ, परत हलला!”

मी पिशवीला बोट लावलं, मग टाकीच्या पाण्यात बुडवलं. अजून फरक होता. त्यानेही माझ्या बोटाशेजारी बोट बुडवलं. पिशवीतला एक मासा बोटाजवळून गेला, आणि हा चक्क एक पाऊल मागे उडाला.

“कुणाला सांगू नकोस,” तो कुजबुजला, “मला माशांची भीती वाटते.”

“शत्रूला सांगतोयस?” मी इतकी हसले, की माझं मलाच नवल वाटलं. माझे कान तापले होते. त्याचा टाकीशी काही संबंध नव्हता.

काकू बाहेर आल्या. “हं, आता सांगा...”

आलंच ते ‘स्वतःबद्दल’, मला वाटलं.

“...एकमेकांबद्दल. स्वतःबद्दल काय, सगळेच गोड बोलतात. तू आधी, बाळ.”

आणि मला बोलता आलं! “याने घड्याळ सात वेळा बघितलं, पण पिशवी उघडायची घाई केली नाही. टकटक एकदा केली. नको म्हटल्यावर पुन्हा नाही. आणि... दार दुसऱ्यासाठी उघडून धरतो.” त्याच्या भीतीचं मात्र मी गिळून टाकलं.

त्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं. “काकू, हिलाच ठेवा. हिने मासे दोनदा मोजले. मी एकदाही नाही.”

“मग वीस मिनिटं तू काय बघत होतास रे?”

तो फरशीकडे बघत राहिला. ती बट कपाळावर आली.

“कळलं,” काकू म्हणाल्या. “सोड गं पिशवी तू. उद्यापासून ये.”

मी गाठ सोडली. सहाही मासे आधी जरा थबकले... मग टाकीभर पसरले. वळून बघितलं, तर तो गेला होता.

शनिवारी दाराची मूठ फिरली. तीच बट.

“एक मासा हवाय.”

“टाकी आहे घरी?”

“नाही.”

“भीती गेली?”

“तीही नाही.”

“मग मासा कशाला?”

“नवा मासा आला की वीस मिनिटं थांबावं लागतं ना...” त्याने घसा खाकरला. “तेवढा वेळ... तुझ्याशेजारी थांबलो तर चालेल?”

मी टाकीत बोट बुडवलं. पाणी अगदी हवं तेवढं कोमट होतं.

“आज चाळीस लागतील,” मी म्हटलं. “फारच गार आहे.”