दर सातवा माणूस

मी सहावी होते. हे मला पक्कं माहीत होतं, कारण मी मोजलं होतं.

वाचनालयाच्या काचेच्या दाराआड उभी राहून मी बराच वेळ बाहेर बघत होते. पायऱ्यांवर, छपराखाली एक मुलगा उभा होता. हातातल्या पुठ्ठ्याला चिमट्यानं कागद लावलेले, कानावर पेन. एकाला थांबवायचा, काहीबाही विचारायचा, मग काही माणसं तशीच जाऊ द्यायचा आणि पुन्हा एकाला थांबवायचा. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, चेहरे बघून निवडतोय. मला दुसऱ्याच फेरीत कळलं. दर सातवा. सामाजिक शास्त्रांच्या आमच्या पदवीत पहिल्याच वर्षी हे शिकवतात. माणसं निवडताना आपली आवडनिवड मध्ये येऊ द्यायची नाही. आकडा ठरवायचा आणि त्याच्याशी इमान राखायचं.

ज्यानं स्वतः दारोदार फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्यात, तो दुसऱ्याची भरायला कधीच थांबत नाही. मी पाच जणांना पुढे जाऊ दिलं. माझ्यामागे एक उंच गृहस्थ छत्रीशी झटापट करत होते. त्यांची छत्री उघडायच्या आत मी बाहेर सटकले. सहावी. सुटले.

"माफ करा," तो म्हणाला. "तुम्ही सातव्या आहात."

मी जागच्या जागी थिजले. उंच गृहस्थ माझ्या बाजूनं पायऱ्या उतरून बिनधोक निघून गेले.

"कशातल्या सातव्या?"

"नमुन्यातल्या. म्हणजे… तुम्ही माझा नमुना आहात."

"मी नमुना?"

"हो." मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तसा नाही हो. संख्याशास्त्रातला."

"बरं झालं सांगितलंत. घरी मला दुसऱ्या अर्थानं म्हणतात."

मी सहावी आहे, असं सांगता आलं असतं. पण मग मी मोजत का होते, तेही सांगावं लागलं असतं. 

"पहिला प्रश्न," तो म्हणाला. "आज तुम्ही इथे का आलात? वाचायला, अभ्यासाला, वर्तमानपत्र चाळायला, की इतर?"

"इतर."

"इतर असल्यास स्पष्ट करा."

छपराच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. त्यानं पुठ्ठा छातीशी धरला होता, कागद भिजू नयेत म्हणून. स्वतःचा एक खांदा मात्र पार ओला झाला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"घरी जायचं नव्हतं," मी म्हणाले.

असं उत्तर मी देईन, हे मलाच ठाऊक नव्हतं. घरी काका आले होते. ते आले की एकच विषय असायचा. अर्थशास्त्रही शिकतेस, मानसशास्त्रही, समाजशास्त्रही आणि वर राजकारणही; मग नेमकी होणार कोण? मला उत्तर देता यायचं नाही आणि बाबांचं तोंड बारीक व्हायचं.

त्या मुलानं पेन कानावरून काढलं, पण लिहिलं नाही.  मग हळूच म्हणाला, "हा पर्याय मी ठेवायला हवा होता."

सुट्टी संपून दुसरं वर्ष सुरू झालं. पहिल्या तासाला मॅडमच्या मागून वर्गात कोण आलं? कानावर पेन असलेला तोच. माझ्या हातातली बाटली बाकावरून घरंगळत थेट फळ्यापर्यंत गेली. त्यानं ती उचलली, आणून माझ्यापुढे ठेवली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "सातवी?"

मॅडमनी ओळख करून दिली. तो गणित सोडून आला होता. विभागानं त्याला एका अटीवर घेतलं होतं. वर्षाच्या शेवटी स्वतःचं एक क्षेत्रकाम पूर्ण उभं करून दाखवायचं. ते टिकलं तर इथे, नाहीतर परत गणितात. क्षेत्रकाम म्हणजे पुस्तकं मिटून माणसांत जाऊन केलेलं काम. त्यानं विषय निवडला होता : वाचनालयात माणसं येतात कशाला. उतावळेपणानं त्यानं सुट्टीतच दारात उभं राहून सुरुवातही केली होती.

वर्गानं त्याचं नाव 'गणित' ठेवलं. तो मला 'सातवी' म्हणायचा. एकदा फोनवर ती हाक आईच्या कानावर गेली.

"सातवी म्हणजे? सातवी नापास?" आईनं विचारलं.

मी हसले, पण आतून खजील झाले. गणित सोडून आलेल्या मुलाला सातपर्यंत मोजता येत नाही, हे मला एकटीला ठाऊक होतं. ते सांगितलं तर त्याच्या कामातलं एक उत्तर खोटं ठरणार होतं. आणि तो नीट मोजता, तर छत्रीवाल्या गृहस्थांना थांबवता. मग आमची भेट तशी झालीच नसती. एका चुकलेल्या आकड्यावर मी हळूहळू किती काय काय रचत चालले होते, ते मला कळत होतं. म्हणून मी बोलत नव्हते.

माझ्या उत्तरानं त्याचं कामच बदललं होतं. त्यानं यादीत नवा पर्याय घातला, 'बसायला जागा म्हणून'. त्यानंतर किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, ते पाहून तो चक्रावून गेला. निवृत्त झालेले, नोकरी गेलेले, घरात स्वतःचं टेबल नसलेले. आम्ही दोघं वाचनालयाच्या जिन्यात बसून वाद घालायचो. तो म्हणायचा, हा जागेच्या भावाचा प्रश्न आहे. मी म्हणायचे, एकटेपणाचा आहे. शेवटी दोन्ही आहे असं ठरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची.

"तुझं अर्थशास्त्र फार कोरडं आहे," मी म्हणायचे.

"मग तू आहेस ना," तो म्हणायचा, आणि लगेच कागदात डोकं घालायचा.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. एकदा तो डोळे तपासायला आला. खरंच तपासायला, असं म्हणत होता. बाबांनी त्याला उंच खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर जड चौकट चढवली आणि एकामागून एक भिंगं बदलत विचारत राहिले, "यात बरं की त्यात?"

मी काउंटरमागे काचा पुसत होते. समोरच्या आरशात त्याला मी दिसत होते आणि मला तो.

"आता पाटीवरची सातवी ओळ वाच," बाबा म्हणाले.

त्यानं वाचली.

"ही सहावी झाली. मोजता येत नाही का रे?"

मला एवढं हसू फुटलं की हातातली चौकट खाली पडली. त्याला मात्र हसू आलं नाही. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. चेहरा पांढरा पडलेला. तेव्हा मला वाटलं, माझ्यापुढे अपमान झाला म्हणून असेल.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत त्याचे. चष्म्याचं काही काम नव्हतं." मग भिंगं खोक्यात ठेवत, माझ्याकडे न बघता, "तुमच्या पदवीचं मला आता थोडं कळतंय. एकच पाटी, वेगवेगळ्या भिंगांतून. काका आला की सांग त्याला."

वर्षाअखेरीस तोंडी परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले होते, पांढऱ्या भुवयांचे, शांत गृहस्थ. त्यानं काम मांडलं. आकडे, नकाशा, माणसांची बोलणी. मॅडम मान डोलवत होत्या. वाचनालय संध्याकाळी बंद करायचा त्याच्या समितीचा विचार चालला होता. हे काम त्यांच्यापुढे ठेवू, असं मॅडम मध्येच म्हणाल्यादेखील. माझा जीव भांड्यात पडला. तो इथेच राहणार होता.

परीक्षकांनी कागद मिटता मिटता रिवाजाचा प्रश्न टाकला. "निवड करताना नियम सगळीकडे पाळला ना?"

याला सगळे 'हो सर' म्हणतात आणि बसतात.

"एका ठिकाणी मोडला, सर," तो म्हणाला.

परीक्षकांनी मिटलेले कागद पुन्हा उघडले.

"मोजताना चुकलात?"

"नाही. मोजणी बरोबर होती. सातवे एक छत्रीवाले गृहस्थ होते. मी त्यांना जाऊ दिलं आणि सहाव्या व्यक्तीला थांबवलं… मुद्दाम."

 मुद्दाम. वर्षभर मी ज्याला चूक समजत होते, ती चूक नव्हतीच.

"कारण?" परीक्षकांनी विचारलं.

"कारण अभ्यासाशी संबंधित नाही, सर."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सगळा वर्ग माझ्याकडे वळला, कारण सातवी कोण, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. आणि मी उभी राहिले. का, ते मला अजून सांगता येत नाही.

"मी सहावी होते, सर. मला माहीत होतं. मी मोजलं होतं."

आता दचकायची पाळी त्याची होती. तो असा वळला की हातातले कागद निसटले.

"तू कशाला मोजलंस?" भर परीक्षेत त्यानं मला विचारलं.

"तुला चुकवायला."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. "म्हणजे नमुना पळत होता आणि निवडणाऱ्यानं नियम मोडून त्याला धरला," ते सावकाश म्हणाले. "एकाच ठिकाणी दोन बिघाड. बसा, बाई."

हशा पिकला; निकाल मात्र हसण्यासारखा नव्हता. माझं उत्तर रद्द. ज्या पर्यायावर सगळं काम उभं होतं तो माझ्या उत्तरातून निघालेला, म्हणून दारातली पाहणी नव्यानं, सत्र संपायच्या आत. नाही जमलं तर विभागाची अट होतीच.

बाहेरच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा होता.

"आधी सांगितलं असतंस तर?" मी म्हणाले.

"तू सांगितलं असतंस तर?"

"वर्षभर मला सातवी म्हणत राहिलास."

"आणि तू ओ देत राहिलीस."

मला विचारायचं होतं भलतंच : दारातून इतकी माणसं बाहेर पडत होती, मग मीच का? पण तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"एक ऐकशील?" तो म्हणाला. "पाहणी संपेपर्यंत वाचनालयाकडे फिरकू नकोस. समोर आलीस तर मी पुन्हा चुकेन."

मी फिरकले नाही. अभ्यास घरी केला, दुकानात केला, जिना चढता-उतरता केला. वाचनालयाच्या रस्त्यानं जाणंसुद्धा टाळलं. आई म्हणाली, "भांडलात का?" मी म्हणाले, "नाही, नियम पाळतोय." आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी खांदे उडवले.

शेवटी पुस्तकं परत करायची मुदत आली आणि जावंच लागलं. तो दारात येण्याआधी जाऊन यावं म्हणून दुपारीच गेले. तो नव्हता. पुस्तकं दिली आणि जरा टेकले. उंच खिडक्या, एकमेकांशी न बोलता एकमेकांजवळ बसलेली माणसं… बसायला जागा. कधी संध्याकाळ झाली, कळलं नाही. बंद व्हायची घंटा वाजली तशी सगळी मंडळी एकदम उठली आणि मी त्या लोंढ्यात दाराकडे ढकलली गेले.

काचेपलीकडे तो होता. अवकाळी पाऊस होता. एक खांदा ओला होता.

मागे वळायला जागा नव्हती. सवयीनं मोजलं. ज्याला त्यानं नुकतंच सोडलं, त्याच्यानंतर मी सहावी होते.

त्यानं मला पाहिलं. ओठ हलत होते, ते क्षणभर थांबले. पेन धरलेला हात किंचित वर आला… आणि खाली गेला. त्यानं नजर माझ्यावरून काढली, अगदी परक्यासारखी, आणि माझ्यामागच्या बाईंना म्हणाला, "माफ करा, तुम्ही सातव्या आहात."

मी पायरीवर तशीच उभी राहिले. थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यानं थांबवायला नको होतं, हे मला कळत होतं. त्यानं थांबवलं नाही याचा एवढा धक्का बसेल, हे मात्र कुठल्याच शास्त्रात शिकवलं नव्हतं.

बाई बोलत होत्या. 'वाचायला' म्हणाल्या, मग थोडं थांबून म्हणाल्या, "खरं सांगू का? घरी कुणी नसतं." त्यानं लिहून घेतलं, त्यांचे आभार मानले. लोंढा ओसरला. दार आतून बंद झालं.

तो माझ्याकडे वळला. 

"या शेवटच्या होत्या," तो म्हणाला. "तुझं उत्तर पुन्हा पुन्हा येत राहिलं. तुझ्याशिवाय. मॅडमनी काल आकडे पाहिले. म्हणाल्या, टिकतात."

"मग आता मी विचारते," मी म्हणाले आणि त्याच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला. "आज तुम्ही इथे का आलात? वाचायला, अभ्यासाला, बसायला जागा म्हणून, की इतर?"

"इतर."

"इतर असल्यास स्पष्ट करा."

 पागोळ्यांचं पाणी त्याच्या ओल्या खांद्यावर पडत होतं. मी त्याला बाहीला धरून छपराखाली आत ओढलं.

"सहावी," तो म्हणाला.

वर्षभरात पहिल्यांदाच त्यानं मला माझ्या खऱ्या आकड्यानं हाक मारली. मी ओ दिली.