राहिलेला उत्तररंग

या गं, अशा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलं की कानही तिथेच टेकतात. आज एक आख्यान सांगते, देवादिकांचं नाही, माझंच. राग आहे त्यात पोटभर, प्रेम चवीपुरतं... बरं, चवीपेक्षा जरा जास्त.

श्रावण होता. तुंगारेश्वरच्या डोंगरात देवळामागून एक पायवाट चढते, ती आम्ही ज्याला वाऱ्याचा कडा म्हणतो तिथे संपते. खाली खाडी, मिठागरं, आमच्या केळीच्या नि सोनचाफ्याच्या वाड्या, आणि त्यांच्या मानगुटीवर बसत चाललेले टॉवर. बाबा मला लहानपणापासून तिथे न्यायचे, शीळकस्तूर ऐकायला. तो पक्षी दिसत नाही, नुसता ऐकू येतो. शाळा चुकवून कुणी पोर रमतगमत शीळ घालत निघालंय, अशी शीळ.

बाबा गेले त्यानंतरचा तो पहिला श्रावण. मी एकटीच चढले. धुक्यात दगडावर बसले, डोळे मिटले. शीळ सुरू झाली... आणि कानाशी कुणीतरी गरजलं – "जय जय राम कृष्ण हरी!"

शीळ गप्प.

"ओ! कोण आहे ते?"

धुक्यातून एक पोरगा बाहेर आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, काखेत छत्री, हातात झांज.

"सॉरी, सॉरी! मला वाटलं इथे कोणी नसेल."

"होतं ना. गात होतं. तुम्ही पळवलंत."

"कोण?"

"शीळकस्तूर."

"अरे देवा! म्हणजे आधी बसलेल्या गवयाला मी उठवलं? आमच्या कीर्तनकारांत हे महापाप."

"कीर्तनकार? तुम्ही?"

"रविवारी. बाकी दिवस सातिवलीच्या कारखान्यात बाटल्यांची बुचं बनवतो. फुलपाड्याच्या खोलीत रियाज केला की शेजारी भिंत ठोकतात. म्हणून इथे आलो. मी उमंग."

"उमंगबुवा?" मला हसू आलं, आणि हसू आलं याचाच जास्त राग आला. "आइस्क्रीमचं नाव वाटतं."

"चालेल. तुमच्या रागाने विरघळलं नाही म्हणजे झालं."

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा शीळ चालू होती. मी डोळे वटारले. तो मुकाट बसला आणि झांजेच्या दोन्ही वाट्या मुठीत घट्ट धरल्या, चुकूनही किणकिणू नयेत म्हणून. शीळ संपेपर्यंत त्याची बोटं पांढरी पडली होती. ती बोटं मी बघितली... तुम्ही हसू नका.

मार्गशीर्षात गवत सोनेरी झालं, वारा बोचरा. आता आम्ही अरे-तुरेवर आलो होतो. मी घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी आणायची, तो थर्मासमधून चहा. त्या दिवशी कशावरून कोण जाणे, मी बाबांचं सांगितलं. पहाटेची पहिली तोड देवाची, हा त्यांचा नेम. आकडीने फांदी वाकवायची, कळी दुखवायची नाही. आणि अशाच एका पहाटे, देवाची परडी हातात असताना, चाफ्याखाली कोसळले. सांगता सांगता मी उठले आणि दरीकडे तोंड करून ओरडले –

"फुलं कमी पडली म्हणून माळीच नेलास का रे?"

उमंगने उपदेश केला नाही. कीर्तनकार असून! थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला आणि बाजूला बसून राहिला. मी देवाशी भांडणारी असले तरी देवाचीच. त्यामुळे मनात म्हटलं, हा पाठवलास तो बरा पाठवलास.

आता चैत्र ऐका. आमच्या मारुतीच्या उत्सवाला कीर्तन असतं. उमंगचं नाव पंचांना मीच सुचवलं होतं. पेटीवर सिप्रियन अंकल, आमचे शेजारी. रविवारी चर्चमध्ये वाजवायचे, उत्सवात आमच्याकडे. म्हणायचे, "सूर तेच गं बाय, इथे चपला बाहेर काढायच्या एवढाच फरक."

तुम्हाला माहीतच आहे, पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, आणि मग उत्तररंग. आमच्या देवळात त्या हाराचा मान आमच्या घराचा. बाबांनंतर माझा. मी पहाटेपासून चाफा ओवला होता, नवी साडी नेसले होते. आणि उमंग दिसत होता असा... फेटा, उपरणं, कपाळाला गंध. पहिल्यांदा त्याच्याकडे बघायची मला भीती वाटली.

पूर्वरंग रंगात आला. "आता दृष्टान्त ऐका," तो म्हणाला. "एक माळीण होती. देवाशी भांडायची." मी मान वर केली. त्याने झांज वाजवली, एक पाय पुढे टाकला आणि फटक्याच्या चालीत गायला लागला –

"फुलं कमी पडली म्हणून... माळीच नेलास का रे?"

देऊळ हसलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुणीतरी "वाहवा, बुवा!" केलं. त्यानेही, त्या चोराने, तेच पुन्हा आळवलं. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली आणि आवाज चिरकला.

नामघोष झाला. पंच म्हणाले, "कृतिका, ये गो, हार घाल."

मी उठले, हार परडीत ठेवला, परडी उचलली आणि भर देवळातून बाहेर पडले.

मागे काय झालं ते नंतर कळलं. कुणीतरी झेंडूचा हार पुढे केला. उमंगने तो घेतला नाही. हात जोडून म्हणाला, "ज्या घराचा मान आहे, त्या घराचे शब्द मी न विचारता उचलले. उत्तररंग आज होणार नाही." आणि गादीवरून उतरला. अर्धं कीर्तन! गावाने बोल लावले ते मला. पोरीने उत्सव नासवला म्हणे. चोरी झाली माझी आणि पंचनामाही माझाच!

वैशाखात मी कड्यावर गेले. दगड तापलेले, गवत जळालेलं, शीळ नाही, कोणी नाही. एकटीच मोठमोठ्याने भांडून आले. घरी भांडी आपटत होते तेव्हा कुंपणापलीकडून सिप्रियन अंकल म्हणाले, "बाय, तो उमंग कीर्तनाला कुठेच उभा राहत नाय हल्ली. तीन गावांना नाही म्हणाला. अर्धं टाकलेलं कीर्तन पायात अडकलंय म्हणतो."

"मग ते सोडवायला मी जाऊ? पाप त्याचं नि उपास माझा?"

"माफ कर असं सांगायला मी नाय आलो. ज्याचा राग त्याला नेऊन दे, एवढंच. नाहीतर तो घरातल्या टोपांवर निघतो. आमची मिसेस, क्लेमेंटीन, रोज दचकते त्या आवाजाने."

पण मीही हट्टी. पुन्हा श्रावण लागला तेव्हा गेले. पहाटे ओवलेला हार परडीत होता. का घेतला, मला विचारू नका.

तो तिथेच होता. त्याच दगडावर, झांज मुठीत दाबून. धुक्यात शीळ चालू होती. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"नाही!" मी म्हणाले. "आज मी त्याच्यावरही ओरडणार." आणि ओरडले. "ते माझ्या बाबांचं मरण होतं! मी तुला सांगितलं, देवळाला नाही. तू त्याला चाल लावलीस. चाल लावली की लोक टाळ्याच वाजवणार!"

"मला वाटलं, लोक रडतील."

"कशाला? ते माझं रडणं होतं!"

त्याने झांजेची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "तू ओरडलीस ना, तेव्हा मला रडू आलं होतं. तुझ्यासमोर रडायची लाज वाटली. गादीवर मला सगळं येतं गं... तुझ्यासमोर फक्त गप्प बसता येतं."

"मग गप्पच बसायचं होतंस."

"हो."

आणखी काही बोलला असता, बाजू मांडली असती, तर मी तशीच उतरले असते. पण तो "हो" म्हणून थांबला. माझं भांडण अर्ध्यावर लटकलं.

"त्या माळणीचं पुढे काय होणार होतं?" मी विचारलं. "उत्तररंगात?"

"राहू दे."

"सांग म्हणते ना!"

"ती विचारते, आणि... देवाकडे उत्तर नसतं. तो नुसता तिच्या वाडीत येतो. आकडी उचलतो. रोज पहाटे तिच्या बाजूला उभा राहून चाफा तोडतो."

"बस? एवढंच?"

"एवढंच." त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे... देव नाही गं. मी. मला तेच विचारायचं होतं."

मला कळायला एक क्षण लागला. मग असा संताप आला!

"म्हणजे तू मला पंचांसमोर, मारुतीसमोर, अख्ख्या गावासमोर मागणी घालणार होतास? चोरलेल्या वाक्याने? गाढवा! इथे तोंड नव्हतं?"

"इथे तू होतीस ना..."

आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा. मी परडी उघडली. चाफ्याचा वास धुक्यात पसरला.

"मान वाकव."

त्याने वाकवली. "राग गेला?"

"नाही. हार घातलाय, हार मानलेली नाही."

दूर कुठेतरी शीळ पुन्हा सुरू झाली. त्याच्या हातातली झांज एकदाच किणकिणली. मी त्याचा हात धरला. राग असला तरी धरता येतो हात.

पुढच्या चैत्रात त्याच देवळात त्याने कीर्तन केलं, पेटीवर सिप्रियन अंकलच. माळणीचा दृष्टान्त मला विचारून घेतला. कोणी हसलं नाही. आता तो रोज पहाटे वाडीत येतो. आकडी धड धरता येत नाही, फांद्या मोडतो, मी ओरडते, तो "हो" म्हणतो.

तर मंडळी, श्रावणात कधी वाऱ्याच्या कड्यावर गेलात तर जरा गप्प बसा. शीळ ऐकू आली की गुरुदत्त नावाच्या एका चाफेवाल्याची आठवण काढा. पहिली तोड देवाला देणारा माणूस होता तो. त्याच्या मुलीचा देवावरचा राग अजून गेलेला नाही, पण परडी ती रोज भरते.